पाऊण ग्रॅम चांदी

फ्रान्सचा राजा आंरी दुसरा याच्या टांकसाळीतून १५५० साली बाहेर पडलेलं दूझें नावाचं नाणं तळहातावर घेतलं, की पहिल्यांदा जाणवतं ते त्याचं हलकेपण. वजन अडीच ग्रॅमच्या थोडं वर, व्यास २५ मिलिमीटरच्या आसपास, जाडी अर्धा मिलिमीटर म्हटली तरी चालेल. दर्शनी बाजूला मुकुटाखाली फ्रान्सची ढाल, ढालीवर लिलीची तीन फुलं, आणि दोन्ही अंगांना मुकुट घातलेल्या दोन चंद्रकोरी. मागच्या बाजूला क्रूस. कडेकडेने लॅटिन अक्षरं फिरलेली: इकडे राजाचं नाव आणि देवाच्या कृपेनेच आपण राजा आहोत अशी ग्वाही, तिकडे बायबलच्या स्तोत्रांतलं ईशस्तवन. अक्षरांच्या रांगेत साल. राजाचा चेहरा नाही, तो मान सोन्याचांदीच्या मोठ्या नाण्यांचा. आणि एवढा मजकूर ज्या चकतीवर मावला, तिच्यावर किंमत मात्र कुठेच लिहिलेली नाही.

विसरली म्हणून नव्हे. लिहायचीच नव्हती. त्या काळच्या फ्रान्समध्ये नाणं ही एक गोष्ट आणि पैसा ही दुसरी. हिशेब चालायचा लिव्र, सू आणि दनिए यांत. बारा दनिएंचा एक सू, वीस सूंचा एक लिव्र, म्हणजे लिव्रचे २४० दनिए. ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून रुपये-आणे-पैचा हिशेब ऐकला आहे त्यांना यात काही अवघड वाटणार नाही. आपल्या आण्याच्याही पै बाराच. गंमत पुढे आहे. लिव्र नावाचं नाणं बहुतेक काळ अस्तित्वातच नव्हतं. भाडं लिव्रमध्ये ठरायचं, हुंडा लिव्रमध्ये लिहिला जायचा, कर लिव्रमध्ये आकारला जायचा, आणि प्रत्यक्ष देताना माणूस थैली उघडून जी काय नाणी हाताला लागतील ती मोजून द्यायचा. कुठलं नाणं किती सूंचं, हे राजाच्या फर्मानाने ठरे. फर्मान चौकात वाचून दाखवलं जाई. उद्या दुसरं फर्मान निघालं, तर थैलीतली नाणी तीच आणि थैलीतला पैसा वेगळा.

दूझें हे अशा व्यवस्थेतलं रोजच्या हाताळणीचं नाणं. मोल बारा दनिए, म्हणजे एक सू. त्याच्या वर चांदीचं तेस्तों, त्याच्याही वर सोन्याचं एक्यू. खाली तीन दनिएंचा लियार आणि मग अगदी सुटा खुर्दा. एक्यू बघितलेल्यांची संख्या थोडी. दूझें मात्र पाववाल्याच्या गल्ल्यात होतं, दारूच्या गुत्त्यात होतं, चर्चच्या दानपेटीत होतं, शिपायाच्या पगारात होतं.

ते चांदीचं होतं का? हो, आणि नाही. तांब्यात थोडी चांदी मिसळून केलेल्या या धातूला फ्रेंचमध्ये बियों म्हणतात. अर्ध्याहून कमी चांदी असेल तो बियों, असा ढोबळ नियम. चंद्रकोरीच्या दूझेंत चांदीचं प्रमाण तीस टक्क्यांच्याही आत. कस मोजायची त्यांची रीतही मजेशीर होती: शुद्ध चांदी म्हणजे बारा दनिए कस, प्रत्येक दनिएचे चोवीस ग्रेन. पैशाचं एकक आणि कसाचं एकक एकाच नावाचं, तेव्हा त्या काळच्या हिशेबनीसांची कीव करावी तेवढी थोडी. दूझेंचा कस होता साडेतीन दनिए. त्यातही मेख अशी, की ज्या ‘राजाच्या चांदी’ला बारा दनिए धरायचं ती स्वतःच चोवीसातले तेवीस भाग शुद्ध असे. ही सगळी वजाबाकी केली, की एका दूझेंत उरते सुमारे पाऊण ग्रॅम चांदी.

आता मागे वळून १२६६ सालाकडे पाहू. संत म्हणून गौरवल्या गेलेल्या नवव्या लुईने त्या साली ‘ग्रो तूर्न्वा’ नावाचं देखणं नाणं पाडलं. मोल तेच, बारा दनिए. पण वजन सव्वाचार ग्रॅमच्या आसपास आणि जवळजवळ निव्वळ चांदी. म्हणजे तीनशे वर्षांत सू सूच राहिला, दनिए बाराच राहिले, आणि आतली चांदी चार ग्रॅमवरून पाऊण ग्रॅमवर आली. कुणी एकाने एका रात्रीत चोरलेली नाही. शंभर वर्षांचं युद्ध, राजांच्या खंडण्या, इटलीवरच्या स्वाऱ्या, रिकामा खजिना, आणि दर वेळी थोडंसं तांबं अधिक.

मात्र तांबं मिसळण्यामागे नुसता लोभ होता असं म्हटलं तर टांकसाळीवर अन्याय होईल. १५५० च्या भावाने एका दनिएच्या वाट्याला जेमतेम साठ मिलिग्रॅम चांदी येत होती. तेवढ्या शुद्ध चांदीचं नाणं काढलं असतं तर ते बोटाच्या पेरावरून फुंकरीने उडालं असतं. गरिबाला लागणारं छोट्या मोलाचं नाणं हातात धरता येण्याइतकं मोठं करायचं, तर चांदीला कशाचा तरी आधार द्यावाच लागतो. तांबं त्या कामाला उत्तम: स्वस्त, चिवट, चांदीबरोबर वितळायला राजी. राजे त्या सोयीचा गैरफायदा घेत गेले, तो भाग निराळा.

माझ्या मते या नाण्याची खरी जादू त्याच्या कातडीत आहे. तीस टक्क्यांहून कमी चांदी असलेला धातू पांढरा दिसत नाही, तो लालसर दिसतो. तरीही टांकसाळीतून नवं निघालेलं दूझें चांदीसारखं लखलखायचं. मुलामा दिलेला नसे. वरून काहीच लावलेलं नसे. उलट काढून घेतलेलं असे.

कृती अशी. चांदी आणि तांबं मुशीत वितळवून त्याच्या पट्ट्या ओतायच्या, हातोड्याने पातळ करायच्या, कातरीने तुकडे कापून गोल करायचे. एकेक तुकडा तराजूत घालून जास्तीचा धातू छाटायचा. हे वजन जुळवायचं काम टांकसाळीतल्या घराण्यांच्या लेकी करत; त्यांना ‘तायरेस’ म्हणत आणि त्यांचा हक्क जन्माने चालत आलेला असे. मग चकत्या विस्तवात तापवायच्या. तापताना पृष्ठभागावरच्या तांब्याशी हवेतल्या प्राणवायूचा संयोग होऊन काळा थर चढतो; चांदी मात्र तशीच राहते. नंतर मीठ आणि द्राक्षाच्या दारूच्या पिंपांत तळाशी साचणारा टार्टार पाण्यात घालून त्या उकळीत चकत्या टाकायच्या. आम्ल तो काळा थर खाऊन टाकतं. वरच्या पातळ थरातलं तांबं निघून जातं आणि मागे उरते ती सच्छिद्र, जवळजवळ शुद्ध चांदी. मग ठशाचा घाव बसला की ती छिद्रंही दबून जातात. आत लालसर गाभा, बाहेर पांढरं शुभ्र अंग.

हे शक्य होतं कारण चांदी आणि तांबं वितळलेल्या अवस्थेत एकजीव होतात खरे, पण थंड होताना पुन्हा वेगळे होऊ लागतात. बियोंचा तुकडा घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर तांब्याच्या लाल फांद्यांचं झाडोऱ्यासारखं जाळं दिसतं, आणि फांद्यांच्या फटींतून चांदीने समृद्ध असा फिकट धातू भरलेला असतो. टांकसाळीतल्या कारागिराला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. त्याला उकळी ठाऊक होती.

ही कातडी आजच्या शास्त्रज्ञांनाही चकवते. क्ष-किरण मारून नाण्याचा कस पाहायचा झाला तर किरणं पृष्ठभागाच्या फार आत जात नाहीत आणि उत्तर येतं भलतंच आशादायक: चांदी भरपूर! म्हणून फ्रान्समधल्या ओर्लेआँ शहरातल्या एर्नेस्त बाबलों केंद्रात सायक्लोट्रॉनमधून मिळवलेल्या वेगवान न्यूट्रॉनांचा मारा करून नाण्याच्या पोटापर्यंतचा कस काढतात. नाणं मोडावं लागत नाही, खरवडावं लागत नाही. सोळाव्या शतकातल्या मीठ-टार्टारच्या उकळीने झाकलेलं गुपित फोडायला अणुविज्ञान लागलं, याची मला अजून मौज वाटते.

बाजारातल्या माणसाला सायक्लोट्रॉनची गरज नव्हती. हातोहात फिरून कातडी झिजली की दूझें आपोआप खरं बोलू लागे. आधी ढालीचे उंचवटे तांबूस होत, मग सगळंच काळपट. अशा खुर्द्याला लोक काळा पैसा म्हणत. (आपल्याकडच्या काळ्या पैशाशी याचा संबंध नाही, हा बिचारा उघडपणे काळा.) आणि खरं नाणंच जर पांढरं केलेलं तांबं असेल, तर खोटं नाणं पाडणं सोपं होतं. खोटी नाणी पाडणाऱ्याला जिवंत उकळून मारण्याची शिक्षा फ्रान्समध्ये मध्ययुगापासून चालत आली होती, तरी खोटी दूझें निघतच राहिली.

राजाला भीती नुसती चोरांची नव्हती, स्वतःच्या टांकसाळींचीही होती. देशभर वीसहून अधिक टांकसाळी. कुणी चांदी कमी घातली हे कळणार कसं? त्यासाठी १३८९ पासून एक युक्ती होती: कडेच्या अक्षरांपैकी ठरावीक अक्षराखाली एक बारीक टिंब. पाचव्या अक्षराखाली टिंब असेल तर नाणं तुलूझचं, बाराव्याखाली असेल तर लियाँचं, अठराव्याखाली असेल तर पॅरिसचं. फ्रान्स्वा पहिल्याने १५४० मध्ये ही टिंबं मोजण्याची कटकट संपवली आणि प्रत्येक टांकसाळीला एक अक्षर दिलं. पॅरिसला ‘ए’, रुआँला ‘बी’, लियाँला ‘डी’, बोर्दोला ‘के’. शिवाय टांकसाळीच्या प्रमुखाची आणि ठसे कोरणाऱ्याची आपापली चिन्हं. प्रत्येक घाण्यातली काही नाणी बंद पेटीत टाकून पॅरिसला पाठवावी लागत. तिथे त्यांचा कस तपासून प्रमुखाला शाबासकी किंवा दंड ठरे. हे काम करणाऱ्या नाणे-न्यायालयाला १५५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा दर्जा मिळाला. ढालीखालचं ते इवलंसं अक्षर म्हणजे थोडक्यात आरोपीच्या पिंजऱ्याचा पत्ता.

आंरी दुसऱ्याने यंत्रंही आणली. १५५० नंतर जर्मनीतून धातू लाटण्याचे रूळ आणि स्क्रूचा दाब आले, पॅरिसमध्ये सीन नदीतल्या बेटाच्या टोकाला पाणचक्कीवर चालणारी टांकसाळ सुरू झाली. तिथली नाणी अशी गोल आणि रेखीव, की हातोडेवाल्यांच्या पोटात गोळा आला. त्यांच्या संघटनांनी विरोध करून यंत्रांना पदकं आणि किरकोळ कामांपुरतं मर्यादित करून टाकलं. दूझें हातोड्यानेच पाडलं जात राहिलं: खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात रोवलेला, वरचा एका हातात, दुसऱ्या हातात घण. म्हणून दोन दूझें कधी हुबेहूब सारखी नसतात. एखाद्यावर चंद्रकोर दोनदा उमटलेली, एखाद्याची राजाच्या नावाची अर्धी अक्षरं काठाबाहेर गेलेली.

त्या चंद्रकोरी आंरीचं व्यक्तिगत चिन्ह. त्यांचा संबंध त्याच्या लाडक्या द्यान द प्वातिएशी जोडला जातो, कारण द्यान म्हणजे चंद्राची देवी डायाना. राणी कातरीन द मेदिची हिला तो किती रुचला असेल ते सोडून देऊ. ३० जून १५५९ रोजी भाल्यांच्या खेळात प्रतिस्पर्ध्याच्या मोडक्या भाल्याची कपची राजाच्या डोळ्यात घुसली आणि १० जुलैला तो गेला. टांकसाळींना मात्र घाई नव्हती. मुलगा फ्रान्स्वा दुसरा गादीवर आला, दीड वर्षाच्या आत तोही गेला, आणि या सगळ्या काळात फ्रान्सची नाणी आंरीच्याच नावाने पडत राहिली. १५६० साल आणि मेलेल्या राजाचं नाव एकाच दूझेंवर सापडतं. नवे नमुने निघाले १५६१ मध्ये, शार्ल नववा गादीवर आल्यावर.

याहून चक्रावणारं दूझें तीस वर्षांनी निघालं. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्या यादवीत १५८९ मध्ये आंरी तिसऱ्याचा खून झाला. वारस, म्हणजे पुढचा आंरी चौथा, प्रोटेस्टंट, म्हणून कडव्या कॅथलिकांच्या ‘लीग’ने त्याचा काका कार्डिनल द बूर्बों याला ‘शार्ल दहावा’ म्हणून राजा जाहीर केलं. हे राजेसाहेब तेव्हा आपल्या पुतण्याच्याच कैदेत होते. कैदेतच ९ मे १५९० रोजी वारले. राज्य त्यांनी एक दिवसही केलं नाही. पण लीगच्या ताब्यातल्या शहरांत ‘शार्ल दहावा, फ्रान्सचा राजा’ असं कोरलेली दूझें त्यांच्या मृत्यूनंतरही वर्षानुवर्षं पडत राहिली, आणि लोक त्यांनी भाजी घेत राहिले. त्याच वेळी पलीकडच्या गावात आंरी चौथ्याच्या नावाचं दूझें चालू होतं. दोन राजांचं वैर, आणि दोघांची नाणी एकाच थैलीत शेजारीशेजारी.

शेजाऱ्यांनीही हात धुऊन घेतले. पोपच्या अमलाखालचं आव्हिन्यों, दोंबचं चिमुकलं संस्थान, ओरांज, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याचं बेआर्न: सगळ्यांनी आपापली दूझें पाडली, दुरून पाहता फ्रान्सच्या दूझेंसारखीच. अक्षरं वाचता न येणाऱ्याने पोपचं चिन्ह असलेलं नाणं राजाचं म्हणून घेतलं, तर दोष कुणाचा?

या सगळ्या गोंधळात लोकांना रोज जाणवत होती ती महागाई. १५६६ मध्ये मालस्त्र्वा नावाच्या हिशेब खात्यातल्या अधिकाऱ्याने एक अफलातून दावा केला: काहीच महागलेलं नाही! त्याचं उदाहरण मखमलीचं. जुन्या काळी एक वार मखमल चार लिव्रला मिळे आणि सोन्याचं एक्यू होतं वीस सूंचं, म्हणजे चार एक्यू पडत. आता तीच मखमल दहा लिव्र, पण एक्यू झालंय पन्नास सूंचं. पुन्हा चारच एक्यू. मखमल तिथेच आहे, लिव्र खाली घसरलाय. तर्क इतका नेटका की क्षणभर पटतोच. दोन वर्षांनी झाँ बोदें या कायदेपंडिताने त्याला उत्तर दिलं. मखमलीवरून सगळा बाजार जोखता येत नाही, धान्य बघा, जमिनींचे भाव बघा. सोन्याचांदीत मोजलं तरी भाव चढलेत, आणि मुख्य कारण म्हणजे अमेरिकेतून येणारा सोन्याचांदीचा लोंढा. पैशाचं प्रमाण वाढलं की भाव वाढतात, हा अर्थशास्त्रातला विचार युरोपात इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत बोदेंची गणना होते. पुढे त्याने बियोंचं खूळच काढून टाका, नाणी शुद्ध धातूची करा असंही सुचवलं. राजाने ऐकलं नाही. मला वाटतं दोघेही आपापल्या परीने बरोबर होते: मालस्त्र्वा दूझेंकडे बघत होता, बोदें जहाजांकडे.

बोदेंचा सल्ला धुडकावला गेल्याने दूझें जगलं आणि म्हातारं झालं. १६४० उजाडलं तेव्हा फ्रान्स स्पेनशी युद्धात गुंतला होता आणि लुई तेराव्याच्या खजिन्याला खडखडाट होता. बाजारात फ्रान्स्वा पहिल्यापासून आंरी चौथ्यापर्यंतची दूझें फिरत होती, काही शंभर वर्षांची, गुळगुळीत, काळवंडलेली. ती वितळवून नवी पाडायची म्हणजे खर्च. मग फर्मान निघालं: जुन्या दूझेंवर लंबगोलात लिलीच्या फुलाचा छोटा ठसा मारा, आणि ठसा असलेलं नाणं आजपासून बाराऐवजी पंधरा दनिएंचं. चांदीचा एक कणही वाढला नाही. झीज धरली तर उलट कमीच झालेली. एक घाव बसला आणि पाव पट मोल वाढलं.

हे ठसेदार दूझें आज पाहिलं की एका चकतीवर काळाचे थर मोजता येतात. तळाशी १५५० चा आंरी, त्याच्या चंद्रकोरी. त्यावर नव्वद वर्षांच्या बोटांची झीज. आणि मध्येच, कधी ढालीवर तर कधी वेडावाकडा अक्षरांवर, १६४० चा लिली, त्याच्या कडा अजून धारदार. ठसा जिथे बसला त्याच्या पाठीमागचा भाग बहुधा सपाट झालेला. ज्या राजाने ते नाणं काढलं आणि ज्याने त्याचं मोल वाढवलं, त्यांच्यामध्ये चार राजे होऊन गेलेले; कैदेतले कार्डिनल धरले तर पाच.

हातोड्याचे दिवस मात्र आता भरले होते. झाँ वारें या ठसेकाराने पॅरिसची टांकसाळ यंत्रांवर आणली आणि १६४५ मध्ये हातोड्याने नाणी पाडणं बंद झालं. सोन्याचा ‘लुई’ १६४० मध्ये आणि चांदीचा १६४१ मध्ये आला, दोन्ही यंत्रातले, आखीव. लियार १६५४ मध्ये निव्वळ तांब्याचा झाला. लिलीच्या ठशाची म्हातारी दूझें अटलांटिक ओलांडून क्वेबेकला गेली. क्वेबेक वसवून तेव्हा अवघी तीसेक वर्षं झाली होती आणि कॅनडातल्या फ्रेंच वसाहतीत नाण्यांचा कायम दुष्काळ: जहाजातून येणारी नाणी माल घ्यायला पुन्हा जहाजातूनच परत जात. ती तिथेच राहावीत म्हणून वसाहतीने एक भाव ठरवला. फ्रान्समधले तीन लिव्र कॅनडात चार लिव्र. एकाच नाण्याला एका किनाऱ्यावर एक मोल, दुसऱ्या किनाऱ्यावर दुसरं, आणि हे १७१७ पर्यंत चाललं.

तेवढ्यानेही भागेना. १६८५ मध्ये जहाज वेळेवर आलं नाही आणि शिपायांचे पगार थकले, तेव्हा वसाहतीचा कारभारी जाक द म्यूल याने खेळायचे पत्ते गोळा केले, त्यांवर रकमा लिहिल्या, खाली सही केली आणि तेच पगार म्हणून वाटले. व्यापाऱ्यांना ते स्वीकारावे लागले. सप्टेंबरात जहाज आल्यावर त्याने पत्ते परत घेऊन रोख पैसे चुकवले. तांबं नाही, टार्टारची उकळी नाही, चांदी शून्य ग्रॅम. व्हर्सायला हा प्रकार अजिबात आवडला नाही आणि तसं त्याला कळवण्यातही आलं. पुढच्याच वर्षी, १६८६ मध्ये, क्वेबेकमध्ये पुन्हा पत्ते निघाले.